काशाक्काची बोलती कौदी

कौदीनं पाटील सरांना "मुडद्या" म्हटलं तेव्हा मी हॉलच्या बाहेर चहा पीत होतो.

निर्मला पळत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दिगूअण्णा, लवकर चला. आपोआप बोलायलीय ती!"

"कोण?"

"कोण काय? कौदी!"

कप तसाच कट्ट्यावर ठेवून मी आत गेलो. गुलबर्ग्याच्या त्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. चारी भिंतींवर चित्रं, मधे मातीच्या मूर्ती आणि समोरच्या भिंतीवर निर्मलाची कौदी. कौदी म्हणजे वाकळ, गोधडी. आमच्या आळंदकडं कौदीच म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर, वरून रंगीत ठिगळं आणि जवळजवळ घातलेले टाके. या कौदीत वेगळं एवढंच होतं, की तिच्या चार कोपऱ्यांतल्या चार ठिगळांवर हात ठेवला की आतून एका बाईचा आवाज यायचा. ते शिवणकाम नव्हे, वायरिंग होतं. ते माझं.

आता मात्र कुणी हात लावला नव्हता, आणि आवाज सुरूच होता. "अरं मुडद्या, कुटं तोंड घालायलास? सगळं खाल्लास, आता माझं लुगडं खातोस व्हय? हाल! हाल तिथून!" एकदा झालं की पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या आवाजाच्या बरोबर समोर, सफारी घातलेले पाटील सर पाहुण्यांना प्रदर्शन दाखवत उभे. ते हॉलचे व्यवस्थापक.

"हे काय चाललंय?" त्यांचे कान लाल झाले होते. "कुणाला म्हणतेय ही?"

"सर, ते बोकडाला हाय," मी म्हणालो.

त्यानं प्रकरण आणखी बिघडलं. पाहुणे हसले, आणि पाटील सरांना वाटलं मीही त्यांच्यावरच हसतोय. मी मागं हात घालून प्लग ओढला. कौदी गप्प झाली.

"उद्या मोठे पाहुणे यायचेत," सर म्हणाले. "उद्या ही अशी एकदा जरी बोलली ना, मी खाली उतरवणार. आणि हे असलं भुताखेताचं काही हॉलमध्ये चालणार नाही."

ते गेल्यावर निर्मला तिथंच खाली बसली. "अण्णा, उद्या आत्या यायलीय," ती म्हणाली. "तिच्यासमोर उतरवली तर?"

ते मलाही माहीत होतं.

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा कुठला उद्योग.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी आळंदला चन्नप्पांच्या दुकानात रेडिओ-टीव्ही मेकॅनिक होतो. चन्नप्पांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि माल आणायला गेले की दखनी, असा त्यांचा कारभार. काय दिवस होते ते! रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका असायची. शनिवारी दुकानात टीव्हींची रांग लागायची आणि गिऱ्हाईक दारात मांडी घालून बसायचं. वायरी डागायच्या सोल्डरचा धूर, पाठीमागून उघडे टाकलेले टीव्ही, कुणाच्या तरी रेडिओतून खरखर. आज मला तो वास कुठं आला तर मी थांबतो. खरंच थांबतो.

तशाच एका शनिवारी निर्मला आली. आमच्याच गल्लीतली पोरगी. बडोद्याला चित्रकला शिकायला गेली होती. केस कापलेले, खांद्याला झोळी. तिनं काउंटरवर एक फाटकी कौदी टाकली आणि म्हणाली, "अण्णा, ही बोलली पाहिजे."

"काय?"

"हात लावला की बोलली पाहिजे. माझ्या आत्याच्या आवाजात."

अप्पा आतून ओरडले, "दिगू, टीव्हीवाले दारात बसलेत अन् तू गोधडीला वायर जोडायलास? डोस्कं ठिकाणावर हाय का न्हाई?"

"मी कुटं जोडायलोय? ही बघा काय म्हणायलीय."

"होगली बिडू," अप्पा म्हणाले. वैतागले की ते कन्नडवर यायचे. जाऊ दे, सोड, असा त्याचा अर्थ. "बडोद्याला काय शिकवायलेत की काय की!"

निर्मला हसली नाही. तिनं मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. तिच्या आत्याच्या, काशीबाईच्या, गळ्यात गाठ झाली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. जीव वाचेल, पण आवाज जाईल. राहणारच नाही.

काशीबाई म्हणजे आमची काशाक्का. तिला कोण ओळखत नव्हतं? माहेर मेहकरचं, भालकीकडचं. लग्न होऊन आळंदला आली, मागोमाग तिचा भाऊ, म्हणजे निर्मलाचे वडील, इथंच राहायला आले. घरोघरी जाऊन कौद्या शिवायची. ओट्यावर लुगडी पसरायची, चार बाया भोवती बसवायची आणि टाका घालता घालता ओव्या म्हणायची. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीत कळायचं आज काशाक्का कुणाकडं बसलीय. आणि तोंड? देवा रे! मी लहानपणी तिच्या वाळत घातलेल्या चिंध्यांवरून पळालो होतो. तिनं जे ऐकवलं ते मला अजून पाठ आहे, पण इथं लिहीत नाही.

तो आवाज जाणार, हे ऐकून मला कसंतरीच झालं. मी निर्मलाला म्हणालो, "आधी आवाज भरून घेऊ. बाकीचं मग बघू."

रेकॉर्डिंग काशाक्काच्या अंगणात केलं. दुकानातला बरा टेपरेकॉर्डर नेला आणि माईक लिंबाच्या झाडाला बांधला. काशाक्का नवं लुगडं नेसून ताठ बसली आणि एकदम गावच्या सभेत बोलल्यासारखी ओवी म्हणाली. चांगली म्हणाली, पण अवघडलेली. मग एक पाळणा म्हणाली. मग तिसरी ओवी सुरू होती तेवढ्यात शेजारच्या बोकडानं मागून येऊन तिच्या पसरलेल्या चिंध्यांत तोंड घातलं. काशाक्का ओवी सोडून उठली आणि बोकडाचा उद्धार केला. तोच तो मुडद्या.

मी टेप थांबवायला हात पुढं केला. निर्मलानं माझा हात धरला. "राहू द्या अण्णा."

"अगं, ही काय ठेवायची गोष्ट हाय?"

"राहू द्या म्हटलं ना."

बोकड गेल्यावर काशाक्का धापा टाकत बसली आणि मला म्हणाली, "दिगू, च्या पिऊन जा रं. चालला कामून लगेच?" तेही टेपवर आलं. निर्मलानं चार तुकडे निवडले. ओवी, पाळणा, बोकड आणि चहा. मूळ कॅसेट मी कपाटात कुलपात ठेवली आणि चारी तुकड्यांच्या वेगळ्या कॅसेट केल्या. त्यातली टेप कापून टोकाला टोक जोडलं. म्हणजे टेप संपत नाही, फिरून पहिल्यापासून येते. भंगारातल्या टेपरेकॉर्डरांची यंत्रं काढून एका लाकडी पेटीत बसवली. ती पेटी कौदीच्या मागं राहणार होती.

प्रश्न होता स्विचचा. कौदीत बटण कुठून आणणार? निर्मला म्हणाली बटण दिसायला नको, टोचायला नको, नुसता हात टेकला तरी पुरे. मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग आमच्या बायकोच्या लग्नातल्या शालूकडं लक्ष गेलं. खरी जर म्हणजे चांदीची तार. चांदीतून वीज जाते. जरीचा एक पट्टा वर, एक खाली, मधे भोकं पाडलेलं जाड कापड. वरून हात ठेवला की भोकातून जरीला जर लागते. झाला स्विच! बायकोनं शालूला हात लावू दिला नाही, ते वेगळं.

मग मी मीटर घेऊन काशाक्काच्या अंगणात बसलो. मीटर म्हणजे वीज जाते की नाही हे काटा हलवून सांगणारं यंत्र. गल्लीतल्या बायांनी जुन्या फाटक्या साड्यांचे काठ आणले. काटा हलला की खरी जर, नाही हलला की नकली, नुसती चकचकीत प्लास्टिकची. मला पट्टे निवडायचे होते, दुसरं काही नाही. पण बायांना हे कळलं आणि मग काय विचारता! घरातून लग्नातल्या ठेवणीतल्या साड्या बाहेर यायला लागल्या. "माजी बघ रे दिगू." "माज्या सासूनं दिलेली बघ." एकीचा काटा हललाच नाही. तिनं साडी घडी घालून काखेत मारली आणि तरातरा घरी गेली. त्या संध्याकाळी त्यांच्या घरात मोठं भांडण झालं असं कळलं. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा दुकानात येऊन म्हणाला, "तुमचं ते काट्याचं मशीन पुना आमच्या गल्लीत आणू नका."

अप्पांनी हसून हसून डोळे पुसले. तेव्हापासून त्यांचा विरोध जरा कमी झाला.

काशाक्कानं जरीचे पट्टे आत घेऊन कौदी शिवायला घेतली. ऑपरेशनच्या आधी बरीचशी झाली, पण एक कोपरा राहिला. मग सोलापूर झालं. काशाक्का परत आली ती गळ्याला पांढरं फडकं बांधून. आवाज नाहीच. ओठ हलायचे, निर्मला ते बघून आम्हाला सांगायची. काशाक्का भिंतीला टेकून बसायची, कुणाकडं बघायची नाही. सुई घेईना. गल्लीत बाया यायच्या, थोडा वेळ बसायच्या, उठून जायच्या. ज्या बाईच्या तोंडाला सगळं गाव भ्यायचं तिच्याशी कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं. आजारी माणसाशी बोलतात तसं हळू बोलायचे. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी जायचं टाळायचो.

निर्मला तिला म्हणाली, "आत्या, एवढा कोपरा तूच घाल. मग मी गुलबर्ग्याला नेते. तू ऐकायला ये." आणि ती प्रदर्शनाच्या कामाला निघून गेली. परत आली तेव्हा कौदी शिवून, घडी घालून ठेवलेली होती. निर्मलाला एवढा आनंद झाला की ती दुकानात येऊन रडली. मी घाईनं वायरी जोडल्या, एकदा तपासलं, सगळं बोललं. आम्ही गुलबर्ग्याला गेलो.

काशाक्कानं मात्र स्वतःचा आवाज अजून ऐकला नव्हता. ऐकव म्हटलं की मान फिरवायची. हॉलमध्ये येऊन ऐकेन, एवढंच तिनं कबूल केलं होतं. त्यामुळं ती येईल तेव्हा कौदी तिथं असणं, आणि नीट बोलणं, एवढी एकच गोष्ट आम्हा दोघांच्या डोक्यात होती. भुताटकी म्हणून कौदी उतरवताना तिनं पाहिलं असतं, तर ती पुन्हा त्या भिंतीला जाऊन टेकली असती. कायमची.

तर फॉल्ट.

प्लग काढून मी पेटी उघडली. आधी ट्रान्झिस्टरवर संशय घेतला. ट्रान्झिस्टर म्हणजे तीन पायांचा छोटा मणी. एका पायाला जराशी वीज पोचली की तो मोठ्या विजेला वाट देतो, मग रिले ओढला जातो आणि मोटर फिरते. रिले म्हणजे विजेवर चालणारा खटका. बोकडाच्या लाइनीतला ट्रान्झिस्टर बदलला. प्लग लावला. कौदी गप्प. दुपार झाली, पंखे फिरत होते, लोक येऊन हात लावत होते, ती शहाण्यासारखी बोलत होती. हात काढला की एक फेरा संपवून गप्प.

"झालं की अण्णा!" निर्मला म्हणाली.

"झालं न्हाई," मी म्हणालो. "मी कायबी केलेलं न्हाई अजून."

तुम्ही दातांच्या डॉक्टरकडं जाता आणि खुर्चीत बसल्यावर दात दुखायचा थांबतो, तसा हा फॉल्ट. आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट. कायमचा बिघाड असला की पकडता येतो. येऊन-जाऊन असला की माणसाला वेड लावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलवर गेलो तर वॉचमन दारातच उभा. आत जायला तयार नव्हता. श्रावण होता, बारीक झड चालू होती, भिंती ओल धरलेल्या. मी काल निघताना प्लग काढला होता, पण झाडणाऱ्या बाईनं दिवे लावताना सगळीच बटणं दाबली असावीत आणि प्लगही खोचला असावा. आतून काशाक्का बोकडाला शिव्या घालत होती.

"रामप्रहरी सुरू हाय साहेब," वॉचमन म्हणाला. "मी न्हाई जात."

मला त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. सकाळी बोलते, दुपारी गप्प. म्हणजे ओल. बिघाड पेटीत नाही, कौदीत आहे.

मग मी एकेक वायर सोडवली. ओवी सोडवली, बोकड सुरूच. पाळणा सोडवला, सुरूच. बोकडाची वायर कौदीपासून सोडवल्यावर बंद. मीटर लावला. जरीला जर चिकटली असती तर काटा पूर्ण टोकाला गेला असता. तो मधेच अडखळला. "हा शॉर्ट न्हाई," मी निर्मलाला म्हणालो. "मधे कायतरी ओलं हाय. त्यातून थोडी थोडी वीज झिरपायलीय. आपला ट्रान्झिस्टर एवढा हळवा केलाय, की त्याला तेवढीबी पुरती."

हळवा मीच केला होता, नुसता हात टेकला तरी बोलावं म्हणून.

मी तो कोपरा बोटांनी चाचपला. काहीतरी लागलं. टाक्यांच्या आत, जरीच्या पट्ट्यांच्या मधोमध, चपटं, किंचित चिकट. आणि कौदीच्या कडेवरून बारीक लाल मुंग्यांची ओळ त्याच कोपऱ्यात जात होती.

"आत कायतरी घातलंय कुणीतरी," मी म्हणालो आणि झोळीतून कात्री काढली. पाटील सर मागं येऊन उभे होते. "लवकर करा," ते म्हणाले, "पाहुणे निघालेत."

मी पहिला टाका कात्रीत धरला. तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी घट्ट पकडलं.

काशाक्का होती. सकाळच्या बसनं आली होती, आणि तिच्यामागं, तुम्हाला खरं वाटणार नाही, दुकान बंद ठेवून आलेले अप्पा. काशाक्काचे डोळे मोठे झाले होते. ओठ भराभर हलत होते. आवाज नाही, नुसती गळ्याच्या फडक्यामागून हवा.

"आत्या, हळू," निर्मला म्हणाली. "मला कळंना."

काशाक्कानं माझ्या हातातली कात्री काढून घेतली. मग बोटं जुळवून तोंडाकडं नेली. घास घेतात तशी. मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला. मग कौदीच्या त्या कोपऱ्यावर.

अप्पांनी आधी ओळखलं. "अरं देवा," ते म्हणाले. "पोट हाय ते. कौदीचं पोट."

"काय?"

"आमची आईबी घालायची की. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी त्यात खायचं ठेवतात. कौदी उपाशी ठिवत न्हाईत. उपाशी कौदीत झोपणाऱ्याला झोप लागत न्हाई म्हणतात."

मी जन्मभर कौदीत झोपलो. एकदाही मला हे माहीत नव्हतं. बाया शिवतात, आपण पांघरतो. निर्मलालाही माहीत नव्हतं. तिनं आयुष्यात शेवटचा कोपरा बंद होताना बघितलाच नव्हता. ती हळूच म्हणाली, "आत्या, काय घातलंस?"

काशाक्काचे ओठ हलले. निर्मला बघत राहिली आणि मग सांगताना तिचा आवाज फाटला. "शेंगपोळी घातली म्हणायलीय. कौदी परगावी जाणार, भाकर विटंल, शेंगपोळी टिकती म्हणून."

शेंगपोळी आमच्याकडं प्रवासाला नेतात. शेंगदाण्याचं कूट आणि गूळ. टिकते हे खरं. पण गूळ हवेतली ओल ओढतो. श्रावणातल्या सकाळी ती पोळी ओलावायची आणि दुपारी पंख्याखाली सुकायची. बोकड का बोलत होता ते मला कळलं. त्या क्षणी मला हसू आलं. जिनं महिनाभर सुई धरली नाही, तिनं कौदीला वाटेत भूक लागेल म्हणून शिदोरी बांधून दिली होती.

"बरं, काढा आता ते," पाटील सर म्हणाले.

काशाक्कानं कात्री पाठीमागं लपवली.

"बाई, ते काढलं नाही तर हे बंद होणार नाही. मग मला उतरवावीच लागेल."

"काढायचं न्हाई," मी म्हणालो.

"मग काय करणार?"

"काय करायचं ते मला करू द्या की! तुमी पाहुण्यांना तिकडली चित्रं दाखवा आदी." मी जरा जोरातच बोललो. अप्पा माझ्याकडं बघत राहिले. दुकानात मी असं कधी गिऱ्हाइकाशी बोललो असतो, तर त्यांनी मला हाकलला असता.

उपाय साधा होता. राग आला म्हणून सुचला म्हणा. पोळी काढता येत नाही, तर ट्रान्झिस्टरचा हळवेपणा काढायचा. त्याच्या पायाला मी एक रेझिस्टर जोडला. रेझिस्टर म्हणजे विजेला ठरलेली वाट देणारा छोटा तुकडा. पोळीतून झिरपणारी वीज त्या वाटेनं निघून जाणार, ट्रान्झिस्टरला कळणारच नाही. जरीला जर पक्की लागली, तरच तो जागा होणार. रेझिस्टर माझ्या डबीत होताच. सोल्डरगन तापायला जो वेळ लागला तेवढाच.

"पण मग नुसता हात टेकला तर बोलणार नाही," निर्मला म्हणाली.

"न्हाई. दाबावं लागंल."

"माझी सगळी कल्पनाच तीच होती, अण्णा. नुसता स्पर्श."

"निर्मला, तुझी कल्पना का तिची पोळी?"

तिनं काशाक्काकडं बघितलं आणि मान हलवली. मी प्लग लावला. ओली सकाळ, मुंग्या चालूच, पोळी जागेवर. कौदी गप्प.

मग निर्मलानं आत्याचा हात धरून पुढं आणला. काशाक्का मागं सरायला लागली. मला वाटलं ही आताही मान फिरवणार. तिनं ओवीच्या ठिगळाकडं बघितलं, पाळण्याच्या ठिगळाकडं बघितलं, आणि हात आपल्या शेवटच्या कोपऱ्यावर ठेवला. आत कोणती टेप आहे हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तिनं तळवा ठेवून दाबला. टाके बसवताना बाया दाबतात तसा, पूर्ण हातानं.

"अरं मुडद्या, कुटं तोंड घालायलास?"

काशाक्का दचकून मागं झाली. हात काढला तरी टेप एक फेरा पूर्ण करते. "सगळं खाल्लास, आता माझं लुगडं खातोस व्हय? हाल! हाल तिथून!" भरलेला, खणखणीत, सगळ्या आळंदला ऐकू जायचा तो आवाज. लोक वळून बघायला लागले. तिकडून पाटील सर पाहुण्यांना घेऊन आले.

"हा कुणाचा आवाज आहे?" एका पाहुण्यांनी विचारलं.

निर्मला उत्तर द्यायच्या आत काशाक्कानं आपल्या छातीवर हात आपटला. दोनदा. माझा. मग तिचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतेय. हसत होती. आवाज न करता, तोंड उघडून, फडकं धरून हसत होती. आणि तिच्याकडं बघून अप्पा हसले, मग मी. निर्मला एकटीच रडली.

पाटील सरांनी तिच्याकडं बघितलं. "तुम्ही मला म्हणालात काल?"

काशाक्कानं मान डोलावली.

"मग ठीक आहे," ते म्हणाले.

मला तेव्हा जे कळलं ते सांगतो. ओव्या गेल्याचं दुःख तिला होतंच. पण बाई आतून मेली होती ती रागावता येत नव्हतं म्हणून. सगळे तिच्याशी हळू बोलायचे, आणि ती कुणाला एक शब्द ऐकवू शकत नव्हती. त्या दिवशी हॉलमधून निघेपर्यंत तिनं तो कोपरा किती वेळा दाबला, मी मोजलं नाही. पाहुण्यांनी ओवी ऐकली, वाखाणली. ती कोपऱ्याशीच उभी.

कौदी प्रदर्शनात शेवटपर्यंत राहिली. पुढं निर्मलानं अशी बरीच कामं केली, मोठ्या शहरांत. पण ही पहिली तिनं कुणाला दिली नाही, आत्याच्या घरी भिंतीला लावली. काशाक्का पुन्हा सुई घेऊन बसायला लागली. अंगणात कुणी आगाऊपणा केला की उठून आत जायची आणि कोपरा दाबायची. गल्लीतल्या पोरांना त्याची सवय झाली. बाया पुन्हा तिच्याशी मोठ्यानं बोलायला लागल्या, भांडायलाही लागल्या.

पेटीतल्या यंत्रांचे रबरी पट्टे ढिले व्हायचे. मी जाऊन बदलून द्यायचो. ओवीची टेप नव्यासारखी होती. पाळण्याची जरा झिजलेली. बोकडाची मात्र दर वर्षाला पार घासून जायची. कपाटातल्या मूळ कॅसेटवरून मी नवी करून द्यायचो. ती दारात उभी राहून बघायची, बरोबर झाली का ते ऐकायची, मग चहा ठेवायची. काशाक्का गेली तेव्हा मी तिला शेवटची करून दिलेली टेप तशीच कौदीत राहू दिली.

पुढं दुकानात कुणी ना कुणी यायचं. "दिगूअण्णा, आईचा आवाज भरून द्या, भजन म्हणते छान." "वडलांचा भरून द्या, हरिपाठ म्हणतात." मी टेप लावायचो, माईक ठेवायचो, आणि सगळ्यांना एकच सांगायचो. भजन म्हणू द्या, हरकत नाही. पण त्याच्या आधी त्यांना कुणावर तरी ओरडू द्या. ते सुरू झालं, की मग मी बटण दाबतो.